एकतिसावी फेरी

१

गुरुवारी सकाळी आठ चाळीसला मेल आला, तेव्हा दीक्षा तायडे नोव्हाय या अमेरिकन गावातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होती. शर्ट मुलाखतीसाठी होता. मुलाखत अजून ठरली नव्हती, पण ती ठरणार याविषयी गेले चार दिवस तिच्या मनात शंका नव्हती.

मेल हॅलरन मोशन या कंपनीचा होता.

‘आपण पाठवलेली फेरी दुसऱ्या एका अर्जदारानेही स्वतःची म्हणून पाठवली आहे. दोन्ही रिप्ले तंतोतंत सारखे आहेत. अर्ज आज संध्याकाळी पाचला बंद होतील. ही फेरी कोणाची, याचा पुरावा तोवर मिळाला नाही तर दोन्ही अर्ज रद्द होतील.’

तिने मेल पुन्हा वाचला. मग इस्त्रीचं बटण बंद केलं आणि पलंगावर बसली.

हॅलरन मोशन गाड्यांच्या कंपन्यांसाठी मोठे सिम्युलेटर बनवत असे. अजून कारखान्यात तयारच न झालेली गाडी त्या सिम्युलेटरमध्ये बसून चालवायची आणि इंजिनिअरांना सांगायचं की ती वळणावर कशी वागते, असं काम करणारा माणूस त्यांना हवा होता. पहिली चाळणी सोपी होती. एक ठरावीक रेसिंग गेम, एक ठरावीक ट्रॅक, हाताने गिअर टाकायची एक जुनी रेसिंग कार. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांच्या आत फेरी मारा आणि तिचा रिप्ले पाठवा. रिप्ले म्हणजे नुसता व्हिडिओ नव्हे. स्टिअरिंग किती वळलं, ब्रेक कधी दाबला, क्लच कधी सोडला, या सगळ्याची त्यात क्षणाक्षणाची नोंद असते.

दीक्षाने पाठवलेल्या फेरीची वेळ होती एक सत्तेचाळीस पूर्णांक तीनशे अठरा.

मास्टर्स झाल्यावर मिळालेल्या परवान्यावर नोकरीविना नव्वद दिवस राहता येतं. आज तिचा चौऱ्याऐंशीवा दिवस होता. दोनशे अकरा अर्ज करून झाले होते आणि उत्तराची आशा असलेला हा एकच उरला होता.

तिने फोन उचलला आणि उपासनाताईंना लावला.

२

उपासना रामटेके मूळच्या नागपूरच्या. अपघात झालेल्या गाड्यांचा ब्लॅक बॉक्स वाचणं हा त्यांचा धंदा. टक्कर होण्याआधी ड्रायव्हरने काय केलं, हे त्या वकिलांना आणि विमा कंपन्यांना लेखी कळवत. त्यांची लॅब म्हणजे एक मोठी शेड होती, आणि तिच्यात चेपलेल्या सात गाड्या उभ्या होत्या.

“जय भीम, ताई.”

“जय भीम. कशाला हात लावू नकोस, इथलं सगळं एव्हिडन्स आहे. त्या स्टुलावर बस. रडून झालंय की बाकी आहे?”

“बाकी आहे.”

“मग नंतर. आधी सांग, फेरी तुझीच कशावरून?”

“म्हणजे काय? मीच चालवली.”

“चालवताना स्क्रीनवर वेळ दिसत होती?”

वेळ नव्हती दिसत.

दर शनिवारी चार-पाच जण नंदूकाका मेश्राम यांच्या तळघरात जमत. काकांनी तिथे सीट, स्टिअरिंग, पेडल आणि गिअरचा दांडा असलेला रिग स्वतः जोडला होता. गेमचं खातं सगळ्यांत मिळून एकच होतं, नाव ‘तळघर’. एका खात्यावर भागत असताना पाच कशाला, असा साधा हिशेब. कोणीही बसलं तरी फेरी तळघराच्या नावावर पडे, आणि रविवारी रिप्ले ग्रुपवर येत. दुसऱ्याचा ब्रेक कुठे लागतो ते बघून आपण सुधारायचं. काकांचा एक नियम मात्र कडक होता. स्क्रीनच्या ज्या कोपऱ्यात वेळ दिसते तिथे ते कागदाची पट्टी चिकटवत. घड्याळाकडे बघणाऱ्याचं पुढचं वळण बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. सगळं आटोपल्यावर पट्टी निघे आणि यादी दिसे.

“गेल्या शनिवारी चव्वेचाळीस फेऱ्या झाल्या,” दीक्षा म्हणाली. “एकतिसावी एक सत्तेचाळीस तीनशे अठरा. बाकी सगळ्या अठ्ठेचाळीसच्या वर.”

“आणि एकतिसावी तुझी?”

“कळतं ना ताई आपल्याला. एक फेरी अशी बसली होती की अंगावर काटा आला.”

“काट्याची नोंद रिप्लेमध्ये नसते. कोण कोण होतं?”

“मी. सत्यजितदादा आणि त्याची बायको वल्लरी. शोभामावशी घरातच. नंदूकाका टोलेडोच्या प्लांटवर गेले होते, ते रविवारी परत आले.”

“सत्यजितनेही हॅलरनला अर्ज केलाय?”

“हो. त्याचा पण लेऑफ झालाय.”

“मग दुसरा अर्जदार कोण, हे शोधायचे मला पैसे मिळणार नाहीत,” उपासनाताई म्हणाल्या.

दीक्षाचा फोन वाजला. सत्यजितच होता. तिने हॅलो म्हणण्याआधीच तो ओरडला, “दीक्षा, माझी फेरी तू चोरलीस?”

३

सत्यजित गायकवाड पुण्याचा. एका सीट बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं होता. त्याच्या व्हिसावर नोकरी गेल्यावर साठ दिवस मिळतात, आणि त्यातले बारा उरले होते. अपार्टमेंटच्या दिवाणखान्यात अर्धी खोकी भरलेली होती आणि अर्धी रिकामी.

“बसा,” वल्लरी म्हणाली. “खुर्च्या विकल्यात. खोक्यांवर बसा.”

दीक्षा उभीच राहिली. “दादा, तू मला असं बोलूच कसं शकतोस?”

“मग काय बोलू? आरती करू? अगं यार, एकतिसावी माझी होती. शेवटचं वळण मी तिसऱ्या गिअरमध्ये काढलं, मला अजून आठवतंय.”

“मला पण आठवतंय!”

“तुला काय, तुला सगळंच आठवतं.”

“अर्ज मी भरलाय,” वल्लरी मध्येच म्हणाली. “याच्या हाताने काही होत नाही, नुसता बसून असतो. रविवारी यादी पाहिली, सगळ्यात चांगली फेरी उचलली, पाठवली. हा म्हणाला माझी, मी म्हटलं असेल. चोरी बिरी काय म्हणायचं ते मला म्हणा.”

उपासनाताईंनी वही उघडली. “कोणी काही म्हणत नाहीये. शनिवारी पाळ्या कशा लागल्या?”

“तीन फेऱ्या हिच्या, तीन माझ्या,” सत्यजित म्हणाला. “कधी चार. वल्लरी मधूनच दोन मारते आणि चक्कर येते म्हणून उठते. लिहून कोण ठेवतं?”

“जेवणाआधी शेवटी कोण होतं?”

“मी,” दीक्षा म्हणाली. यावर दोघांचं एकमत झालं.

“आणि जेवणानंतर?”

“मी. आणि तेव्हाही हिचा वैताग. सीट पार पुढे ओढलेली. मला ढकलत बसायला लागलं. आमची दोघांची उंची सारखी, तरी ही दर वेळी सीट हलवते.”

“मी सीटला हात लावत नाही. उगाच काहीही बोलू नकोस.”

“मग काय, आपोआप चालत आली?”

“जेवायला वर सगळे होते?” ताईंनी विचारलं.

“सगळे. मावशींनी सावजी केलं होतं, कोण खाली थांबणार?” वल्लरी म्हणाली. “मग आइसक्रीम. तेही पातळ झालेलं, वाटीतून प्यावं लागलं. मी काही बोलले नाही, माणसाने इतकं केलेलं असतं.”

उपासनाताईंनी तेही लिहून घेतलं. दीक्षाला त्यांचा राग आला. अकरा वाजून गेले होते, आणि या बाई आइसक्रीम लिहून घेत होत्या.

जिना उतरताना तिने विचारलं, “दादा खोटं बोलतोय ना?”

“नाही,” ताई म्हणाल्या. “तो खरं बोलतोय आणि तूही खरं बोलते आहेस. दोघांपैकी एक लबाड असता तर काम अर्ध्या तासाचं होतं.”

४

मेश्रामांच्या घरासमोर मार्चचा काळपट बर्फ ढिगाने पडला होता. शोभामावशींनी दार उघडलं, दीक्षाचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता पोळ्या गरम करायला ठेवल्या.

“मावशी, भूक नाहीये.”

“भूक असणाऱ्यांसाठीच पोळ्या करतात असं कोण म्हणालं? खा.”

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या, पाच फुटांना जरा कमीच. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. लग्न करून आल्या त्याला तीस वर्षं होत आली होती. दीक्षाने त्यांना मेल वाचून दाखवला. त्यांचा हात पोळीवर थांबला.

“दोघांचंही रद्द?”

“दोघांचंही. पाच वाजता.”

“असं कसं? तुझे तर सहाच दिवस राहिले ना गं?”

“मावशी, शनिवारी तुम्हाला काही जाणवलं?” उपासनाताईंनी विचारलं. “कोण कधी चालवत होतं वगैरे?”

“मी स्वयंपाकघरात होते. हीटरच्या जाळीतून आवाज येतो तेवढाच. सत्यजित गिअर ओरबाडतो. दीक्षा ब्रेक फार उशिरा मारते. वल्लरी तर गाडीला घाबरूनच चालवते.” मावशी उठल्या. “ताक आणते.”

तळघरात उपासनाताईंनी हॅलरनला पाठवलेला तो एका फेरीचा रिप्ले लावला. स्क्रीनवर गाडी नव्हती, नुसत्या रेघा होत्या. वरची स्टिअरिंगची, खाली ब्रेकची, तिच्याखाली क्लचची. दीक्षा ताईंच्या खांद्यामागे उभी राहिली. सव्वा वाजला होता.

“ही सरळ पट्टी बघ,” ताई म्हणाल्या. “रस्ता सरळ आहे, स्टिअरिंग स्थिर आहे. इथे गिअर बदलला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग किंचित उजवीकडे गेलं. पुढचा गिअर, परत उजवीकडे. प्रत्येक गिअरला तसंच. का?”

“हात सुटला असेल.”

“कोणता? दांडा धरायला एक हात काढला की दुसऱ्या हाताचं वजन चाकावर येतं. चाक उजवीकडे झुकलं, म्हणजे चाकावर उजवा हात राहिला होता. गिअर डाव्या हाताने टाकला.”

दीक्षाने रिगकडे पाहिलं. नंदूकाका भारतात गाडी शिकलेले. उजव्या हाताने गिअर टाकायची सवय त्यांना कधी लागलीच नाही, म्हणून त्यांनी दांडा दोन्ही बाजूंना बसेल अशी पट्टी केली होती. चार बोल्ट काढायचे, दांडा पलीकडे लावायचा.

“सत्यजित कुठे शिकला गाडी?”

“इथेच. त्याचा दांडा उजवीकडे असतो. वल्लरीचा पण.” दीक्षाने दांड्याकडे बोट केलं. “मी अकोल्यात शिकले, मामाच्या व्हॅनवर. माझा डावीकडे. ताई, माझीच आहे! सांगत होते ना मी!”

ती खाली बसली आणि सकाळपासून बाकी राहिलेलं रडली. मग डोळे पुसून तिने फोन काढला. “मेल करू ना? तुम्ही दोन ओळी लिहून द्या.”

उपासनाताई क्लचच्या रेघेकडे बघत होत्या.

“दीक्षा,” त्या म्हणाल्या, “तू गिअर खाली आणताना क्लच दोनदा का दाबतेस?”

५

“दोनदा? मी एकदाच दाबते.”

“इथे दोनदा दाबलाय. एकदा दाबून गिअर न्यूट्रलला आणलाय, क्लच सोडलाय, हलकी रेस दिलीय, परत दाबून खालचा गिअर टाकलाय. अकरा वळणं आणि अकरा वेळा हेच. एकदाही चुकलेलं नाही.”

“हे कोण करतं?”

“आता कोणी करत नाही. जुन्या ट्रकला करावं लागायचं, नाहीतर गिअर पडायचाच नाही. ज्याचा पाय त्यावर तयार झाला, त्याला ते सोडता येत नाही.” ताईंनी खुर्ची वळवली. “हा एका फेरीचा तुकडा आहे. शनिवारचं पूर्ण रेकॉर्डिंग कुठंय?”

“रिगमध्येच असेल. कशाला पण? ताई, डावा हात पुरेसा आहे ना?”

“टक्कर झाली की लोक शेवटचा सेकंद बघतात. मी आधीची दहा मिनिटं बघते.”

पूर्ण रेकॉर्डिंग उघडायला सात मिनिटं लागली. दीक्षाने ती मोजली. चव्वेचाळीस फेऱ्या एका लांब रेघेत पसरल्या. माणसं बदलत तिथे गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाजूच्या थांब्यावर, उभी दिसे, दोन मिनिटं, तीन मिनिटं. एके ठिकाणी मात्र रेघ सपाटच होती. एकोणतिसाव्या फेरीनंतर गाडी बावीस मिनिटं उभी होती. मग दोन फेऱ्या, तिसावी आणि एकतिसावी. मग परत नऊ मिनिटं उभी.

“बावीस मिनिटं कशाची?” ताईंनी विचारलं.

दीक्षाला उत्तर माहीत होतं. शनिवारी एवढा वेळ तळघर एकदाच रिकामं होतं.

“आम्ही जेवत होतो,” ती म्हणाली.

“सगळे?”

“सगळे. मी, दादा, वल्लरी.”

“म्हणजे एकतिसावी फेरी तुझी नाही, सत्यजितची नाही, वल्लरीची नाही. तुझ्यानंतर दांडा कोणी हलवला नाही, तो डावीकडेच होता. ज्याने चालवली त्याला दांडा डावीकडे चालतो. त्याचे पाय आखूड, म्हणून सीट पुढे ओढली आणि तशीच राहिली. तो जुना ट्रक शिकलेला. आणि जेवण चालू असताना तो खाली आला तरी कोणाला काही वाटलं नाही, कारण त्याच्याकडे खाली यायचं कारण होतं.”

ताईंनी तळघराच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे घरातला दुसरा फ्रिज होता. आइसक्रीम त्यातच असे.

“आइसक्रीम काढलं, बाजूला ठेवलं, आणि दोन फेऱ्या मारल्या. सहा-सात मिनिटं. वर नेईपर्यंत पातळ झालं.”

जिन्यावर काहीतरी हिंदकळलं. शोभामावशी ताकाचे दोन पेले घेऊन चौथ्या पायरीवर उभ्या होत्या. त्या कधीपासून तिथे होत्या, कोण जाणे.

६

“मला वाटलं नव्हतं असं होईल,” मावशी म्हणाल्या.

त्या पायरीवरच बसल्या. पेले बाजूला ठेवले, पदराने हात पुसला.

“बाबांचा ट्रक होता. वीटभट्टीवरून रेल्वेच्या यार्डात विटा न्यायच्या. ड्रायव्हर पळून गेला, तेव्हा मी सतरा वर्षांची. चार वर्षं चालवला. मग यांच्या घरचे बघायला आले, तर बाबा म्हणाले, ट्रकचं काही बोलू नको, पोरगी अंगावर पडेल. नाही बोलले. पुढे बोलायचं राहूनच गेलं.”

“काकांना माहीत नाही?”

“त्यांना वाटतं, गाडी त्यांनी मला शिकवली. फार कौतुकाने सांगतात लोकांना.”

दीक्षा हसली नाही. “मावशी, रविवारी मी यादी बघून नाचले. तुम्ही इथेच उभ्या होतात. तुम्हाला कळलं होतं?”

“तुझे दहा दिवस राहिले होते गं. फेरी मला काय करायची? मी कुठे नोकरी करणार आहे? म्हटलं, पोरीचं भलं होतंय तर होऊ दे. सत्यजितने पण तीच पाठवली, हे मला कुठं माहीत?” त्यांनी उपासनाताईंकडे पाहिलं. “तुम्ही लिहा ना, डाव्या हाताने चालवली. ते खोटं नाही. दीक्षा डाव्याच हाताने चालवते. पूर्ण रेकॉर्डिंग त्यांनी कुठे मागितलंय?”

तळघरात रिगच्या पंख्याचा आवाज येत होता. दोन वाजून पस्तीस मिनिटं.

“मी सही करणार नाही,” उपासनाताई म्हणाल्या. “पण तिला थांबवणारही नाही. मेल तिचा आहे.”

दीक्षाने फोन हातात धरला. डाव्या हाताचा पुरावा दोन ओळींत लिहिता आला असता. सोमवारी मुलाखत, मंगळवारपर्यंत पत्र, नव्वदावा दिवस यायच्या आत नोकरी. कोणाचंही काही बिघडलं नसतं. तिने मनातल्या मनात त्या दोन ओळी लिहिल्या, आणि त्यांतून पुढे निघणारी तिसरी तिला दिसली. फेरी दीक्षाची असेल, तर सत्यजितने ती चोरली. हॅलरनच्या कागदावर तो चोर म्हणून राहिला असता, बारा दिवस शिल्लक असताना. आणि ते तिने लिहिलेलं असतं.

तिने दादाला सकाळी खोट्यात काढलं होतं. तो खोटा नव्हता.

“मावशी, तुमचं नाव लिहिलं तर चालेल?”

“माझं? अगं, यांना कळेल.”

“कळेल.”

मावशींनी पदर खोचला. “लिही,” त्या म्हणाल्या.

तीनला दोन मिनिटं कमी असताना मेल गेला. फेरी माझी नाही, सत्यजित गायकवाड यांचीही नाही. आमचं खातं एकच असल्यामुळे दोघांचाही प्रामाणिक गैरसमज झाला. ती शोभा मेश्राम यांनी चालवली. सोबत पूर्ण रेकॉर्डिंग आणि उपासना रामटेके यांची सही असलेलं पान.

उत्तर तीन एकवीसला आलं. ‘दोन्ही अर्ज रद्द केले आहेत. नव्या फेऱ्या पाचपर्यंत कोणालाही पाठवता येतील. या वेळी हातांचा व्हिडिओही जोडावा.’

दीक्षाची स्वतःची सगळ्यात चांगली फेरी एक अठ्ठेचाळीस पूर्णांक दोनशे बासष्ट होती. पाव सेकंदाहून जास्त कमी करायचं होतं, आणि हातात एक तास एकोणचाळीस मिनिटं होती.

तिने सत्यजितला फोन केला. “दादा, आत्ताच्या आत्ता ये. रिग एकच आहे.”

७

सत्यजित आला तो बूट न काढताच तळघरात उतरला. दीक्षाने त्याला रेकॉर्डिंग दाखवलं. त्याने ते उभ्याने पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं.

“मावशी, तुम्ही?” तो म्हणाला. “आणि मी तुम्हाला ओव्हरटेक कसं करायचं ते समजावून सांगायचो!”

“छान सांगायचास,” मावशी म्हणाल्या. “आता बस. वेळ चाललाय.”

तीन फेऱ्या त्याच्या, तीन तिच्या. मध्ये उपासनाताई आणि वल्लरी दांड्याचे बोल्ट बदलत. मावशी सीटच्या बाजूला उभ्या राहून बोलत होत्या. घरात त्यांचा हा आवाज कोणी ऐकला नव्हता.

“विटा भरल्यात मागे, असं समज. वळणात शिरल्यावर ब्रेक मारलास तर विटा रस्त्यावर. आधी मार, सरळ असताना मार, आणि वळणात पाय काढून घे. गाडीला वळू दे. तू उशिरा मारतेस आणि मग सगळ्या वळणभर तिच्याशी भांडतेस.”

दीक्षाच्या पहिल्या तीन फेऱ्या आणखी वाईट झाल्या. एक पन्नास, एक एकोणपन्नास, आणि एक भिंतीला लागून संपली. चार वाजता सत्यजितची एक अठ्ठेचाळीस एकशे नव्वद झाली. चार पंधराला दीक्षाची एक अठ्ठेचाळीस पूर्णांक शून्य साठ. वल्लरीने नखं खाणं सोडून दिलं, कारण नखं उरली नव्हती. काकांची पट्टी कोणी लावली नव्हती. लावायची कोणाची हिंमत झाली नाही.

चार बत्तीसला सत्यजित एक अठ्ठेचाळीस पूर्णांक शून्य चाळीसवर आला. उठताना त्याने तळहात पँटला पुसले.

चार चाळीसला दीक्षा बसली. पहिली फेरी वाया गेली. दुसरीला नवव्या वळणाच्या कितीतरी आधी, नको इतक्या लवकर वाटावं अशा जागी तिने ब्रेक मारला आणि पाय काढून घेतला. गाडी आपसूक वळली. तिला अंगावर काटा वगैरे आला नाही. काहीच झाल्यासारखं वाटलं नाही.

एक सत्तेचाळीस पूर्णांक नऊशे त्र्याहत्तर.

कोणीच ओरडलं नाही. तिची एक फेरी अजून बाकी होती. ती उठली.

“दादा, बस. तेरा मिनिटं आहेत.”

रिप्ले आणि व्हिडिओ चार एकोणपन्नासला गेले. सत्यजितने त्यानंतर चार फेऱ्या मारल्या. शेवटची एक अठ्ठेचाळीस पूर्णांक शून्य अकरा. म्हणजे एक सेकंदाचा शंभरावा भाग, आणि त्याहून जरासा जास्त. पाच वाजायला तेव्हा पन्नास सेकंद बाकी होते, आणि तेवढ्यात फेरी होत नाही.

तो सीटवरच बसून राहिला. वल्लरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “चल, घरी जाऊ.”

पाच दहाला हॅलरनमधून फोन आला. बोलणारी बाई सावकाश बोलत होती. तिने विचारलं, “तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्ही स्वतःच का पाठवलात?”

“ती फेरी माझी नव्हती,” दीक्षा म्हणाली.

“सोमवारी दहाला मुलाखतीला या. आणि मिसेस मेश्रामना विचारा, त्या येतील का? त्यांची फेरी आम्ही तीनदा पाहिली.”

दीक्षाने फोनवर हात ठेवला. “मावशी, सोमवारी दहाला काय करताय?”

“सोमवारी माझी दाढ काढायची आहे.”

“पुढे ढकला.”

“बरं,” मावशी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. नंदूकाका साडेपाचला घरी येत, आणि त्यांना कसं सांगायचं हे त्या तोंडातल्या तोंडात जुळवू लागल्या.

दीक्षा खिडकीशी गेली. आनंद व्हायला हवा होता, आणि थोडासा झालाही होता, पण तो कुठे ठेवावा हे तिला समजत नव्हतं. समोरच्या उतारावर सत्यजितची गाडी अजून उभी होती. इंजिन बंद. वल्लरी बाजूच्या सीटवर तोंड वळवून बसली होती. तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या बर्फाच्या ढिगाकडे बघत होता.

दीक्षाने कोट घातला नाही. ती तशीच दार उघडून बाहेर गेली, बर्फ तुडवत गाडीपाशी पोचली आणि मागच्या दाराच्या काचेवर बोटाने टकटक केली. थोडा वेळ काही झालं नाही. मग आतून लॉक उघडल्याचा आवाज आला.

ती आत बसली आणि दार ओढून घेतलं.

“दादा,” ती म्हणाली, “लॅपटॉप काढ. बारा दिवस आहेत. मी अर्ज केलेल्या सगळ्या कंपन्यांची यादी माझ्याकडे आहे, दोनशे अकरा.”

“त्यातल्या एकीने तरी उत्तर दिलं का?” सत्यजितने मागे न बघता विचारलं.

“नाही. पण त्यांना मी नको होते. तू नको आहेस असं अजून कोणी म्हटलेलं नाही.”

वल्लरीने पायाजवळची बॅग उचलली, लॅपटॉप काढला आणि उघडून मागे दिला.